गल्लाताईची चिठ्ठी

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. घरातली येते, कशीही गुंडाळा आणि कोंबा कपाटात. पण आमच्या लॉन्ड्रीत मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी यायच्या, एकेक चादर म्हणजे छोटं मैदान. गरम रोलरमधून ती बाहेर आली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, अर्धी करायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. माझी टोकं तिच्या हातात, मी खाली वाकून घडी उचलायची. पुन्हा मागे. पुन्हा समोर. दिवसाला चारशे चादरी. म्हणजे दिवसाला चारशे वेळा ज्या बाईच्या समोरासमोर मी अकरा वर्षं उभी राहिले, तिच्याशीच मी अशी वागले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा ती जीभ नेमकी वळायची तिथे वळली नाही.

तिचं नाव आम्ही गल्लाताई ठेवलं होतं. मातीचा गल्ला असतो ना, पैसा आत जातो आणि फोडल्याशिवाय बाहेर येत नाही, तशी. मला सगळ्या मुकादमीण म्हणायच्या. मुकादम मी कधीच नव्हते, पण आवाज होता. त्यामुळे पगारवाढीचं बोलायला मी पुढे, पंखा बंद पडला तर ओरडायला मी, आणि भिशीचा डबाही माझ्याकडेच.

गल्लाताईसारखी काटकसर मी कुठे पाहिली नाही. पगार झाला की आम्ही आधी चहाला जायचो, ती आधी पोस्टात. अंगावरचा ॲप्रनसुद्धा न काढता. "हातात राहिला तर हाताला सवय लागते," म्हणायची. बसचे शेवटचे दोन थांबे चालत, कारण तिथून तिकिटाचा टप्पा बदलायचा. साबणाच्या चिपा जमवून त्याचा नवा साबण. चहा अर्धाच घ्यायची, तोही माझ्या कपातला, आणि वर मलाच सुनवायची, "तुझ्या साखरेनं दात जातील माझे." मी म्हणायचे, "ताई, दात कोरून पोट भरत नाही." ती म्हणायची, "भरत नाही, पण दात स्वच्छ राहतात." यावर ती स्वतःच इतकी हसायची की रोलरवरची चादर वाकडी जायची.

नवरा लवकर गेला होता. मूल नव्हतं. घरात ती आणि सासरे. "नवऱ्यानं मागे एवढीच इस्टेट ठेवली," ती सांगायची, "चालती-बोलती. विकता येत नाही आणि भाड्यानंही देता येत नाही." पण त्या म्हाताऱ्यासाठी ती रोज पोळी मऊ व्हावी म्हणून कणीक दुधात भिजवायची, आणि स्वतःची पाण्यात. त्यांना दिसत नव्हतं. बरीच वर्षं झाली होती त्याला.

आता भिशीचं सांगते. आम्ही बाराजणी. पगाराच्या दिवशी प्रत्येकीनं पगाराचा दहावा हिस्सा काढायचा, एकत्र करायचा, आणि जिचं नाव चिठ्ठीत निघेल तिनं ते सगळे पैसे न्यायचे. बारा महिने, बारा चिठ्ठ्या, सगळ्यांची पाळी एकदा. निघालेली चिठ्ठी फाडायची, उरलेल्या डब्यात. काढणारी दर वेळी वेगळी असायची, पण वाचणारी मी. डबा माझा, वही माझी आणि आवाजही माझाच. चिठ्ठी मागून घेऊन कोणी कधी पाहिली नाही. असला आमच्यातला विश्वास.

गल्लाताई चिठ्ठीच टाकायची नाही. "मला शेवटची ठेव," म्हणायची. तिचा हिशेब सरळ होता. पहिल्या महिन्यात उचलते ती कर्ज घेते, शेवटच्या महिन्यात उचलते ती जमवते. म्हणून कोणाच्या घरी अडलं की सगळ्या बिनधास्त तिच्याकडे बघायच्या. तिला कधी काही अडतच नाही, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. न मागणाऱ्या माणसाला गरज नसते, असं मागणाऱ्यांना फार लवकर पटतं.

त्या वर्षी फेरी सुरू होऊन तीन महिने झाले होते. चौथ्या महिन्याच्या पगाराआधी दोन दिवस ती घडी घालता घालता म्हणाली, "या वेळी माझी चिठ्ठी टाक हां."

"अगं बाई! आज सूर्य कुठून उगवला?"

"असू दे. टाक."

"कशाला हवेत एवढे? लग्नबिग्न करतेस की काय?"

"निघाली तर सांगेन," ती हसून म्हणाली. "मागून घेतली तर ती उधारी. निघून आली तर आपली."

मी चिठ्ठी लिहिली. तिच्यासमोर, माझ्या हातानं, वहीचं पान फाडून. त्यात खोट नव्हती.

पण पगाराच्या दिवशी ती आली नाही. घरमालकाच्या मुलानं बोलावलंय, एवढाच निरोप होता. आणि माझं डोकं त्या दिवशी दुसरीकडेच होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे धुण्याची मशीन सवलतीत लागली होती, रविवारपर्यंतच. हसू नका. दिवसभर लोकांच्या चादरी मशीनमध्ये फिरवायच्या आणि घरी येऊन पाच माणसांचे कपडे हातानं आपटायचे, हे मला चौदा वर्षं सलत होतं. नवऱ्याला म्हटलं होतं, या महिन्यात भिशी लागली तर मशीन. त्यानं मान हलवली होती, जशी तो माझ्या प्रत्येक बेताला हलवतो.

जेवणाच्या सुट्टीत कपाटांच्या खोलीत आम्ही जमलो. इस्त्रीवालीनं डोळे मिटून डब्यात हात घातला, चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी उघडली. गल्लाताईचं नाव होतं.

मी वाचलं माझं.

बस, एवढंच झालं. विचार करायला वेळ घेतला असं म्हणावं तर तेही नाही. तोंडातून माझंच नाव गेलं, आणि मग विचार मागून धापा टाकत आले. ती आज नाहीच. ती तशीही शेवटीच घेते. तिला काय, पोस्टात भरून ठेवलंय. पुढच्या महिन्यात निघेल की. बाया टाळ्या वाजवत होत्या, "मुकादमीण, पेढे!" म्हणून ओरडत होत्या, आणि मी ती चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घालून हसत होते. मग संडासात जाऊन डब्यातली माझी चिठ्ठी काढली, फाडली, तिच्या नावाची दुसरी लिहून टाकली. म्हणजे बघा, नाव वाचताना भान नव्हतं, पण पुरावा मिटवताना चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली चादर आली. टोकं धरली. समोर आली.

"कोणाची निघाली गं?"

"माझी."

तिचे हात क्षणभर थांबले. मग तिनं चादरीला झटका दिला. "बरं झालं," ती म्हणाली. "पाठ मोडते तुझी कपडे धुऊन."

आणि मी निर्लज्जासारखं म्हटलं, "हो ना."

त्या आठवड्यात ती दोनदा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. कशाला ते मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, माझ्यावर संशय घेऊन गेली. दोन दिवस मी तिच्यावरच चिडचिड केली. टोकं सैल धरतेस, हळू चालतेस. ती म्हणायची, "बरं बाई, चालते भरभर."

महिना संपता संपता तिनं एका दिवसाची रजा टाकली. खोली बदलायची होती. मी म्हटलं, मी येते मदतीला. मनाला काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळलं नव्हतं. घरी नवी मशीन आली होती, मुलं तिच्यासमोर बसून कपडे गोल फिरताना बघायची.

तिची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. लांबलचक व्हरांड्यात नऊ खोल्या, तिची सातवी. सामान म्हणाल तर दोन ट्रंका, एक खाट, भांडी. ते खाली नेता नेता मी पाहिलं, सासरे भिंतीला हात लावून उभे होते. मग हलले. खाटेपासून चार पावलं, कोनाडा. कोनाड्यापासून दोन, दाराची कडी. तिथून बाहेर, व्हरांड्याचा कठडा धरून सरळ नळापर्यंत. तांब्या भरला, परत आले, एक थेंब सांडला नाही. त्यांच्या कमरेच्या उंचीवर भिंतीचा रंग हातानं झिजून गेला होता, खोलीभर एक गुळगुळीत पट्टा.

मी म्हटलं, "बाबा, बसा ना. दमाल."

"बसायचंच आहे आता," ते म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं झाली या भिंतीला. मालकाचा मुलगा खोल्या विकतोय. राहणाऱ्यांना आधी विचारलं त्यानं, चांगला आहे मुलगा. पंधरा तारखेपर्यंत विसार द्या, बाकी हप्त्यानं. सुनेनं अकरा वर्षं जमवलेलं सगळं काढायची तयारी केली. तुमच्या भिशीएवढेच कमी पडत होते. मला म्हणाली, भिशी निघाली तर खोली आपली, मामंजी. साहेबाकडे उचलही मागितली. नाही मिळाली. आणि भिशी काही निघाली नाही." त्यांनी कोनाड्यात हात फिरवला, काही राहिलंय का बघायला. "नशीब असतं एकेकाचं. तुम्ही तिच्याबरोबरच्या का?"

"हो," मी म्हटलं. "मी... चादरी धरते तिच्याबरोबर."

हातातली ट्रंक मी जिन्यात टेकवली आणि त्याच पायरीवर बसले. गल्लाताई खालून ओरडली, "काय गं, दमलीस? एवढ्यात?" दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैवानं चोख दिलं होतं, नेलं ते मी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मनात म्हटलं, आता खोली गेलीच आहे, सांगून कोणाचं भलं होणार? भित्रं माणूस किती शहाणपणानं बोलतं बघा.

नवी खोली दुसऱ्या मजल्यावर, दोन बस दूर. जिना अरुंद, कठडा एका बाजूनं तुटलेला, नळ खाली. तिथे सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ट्रंकेला अडखळून कपाळ फोडून घेतलं, आणि नंतर खाटेवरून उतरणंच सोडलं. ती सकाळी त्यांना तांब्या, भाकरी हाताशी ठेवून यायची आणि जाईपर्यंत तिचा जीव तिकडे असायचा.

पुढच्या पगाराला मी परत खोटं वाचलं. चिठ्ठी कोणाची तरी दुसरीच होती, मी वाचलं गल्लाताई. आवाज फाटेपर्यंत मोठ्यानं. वाटलं, काहीतरी फेडलं जाईल.

"आता काय करू घेऊन?" ती म्हणाली. "जिला हवेत तिला दे. मी शेवटचीच बरी." पैसे दुसरीला देऊन दुपारी घडी घालताना हळूच म्हणाली, "ही फेरी संपली की मला धरू नकोस भिशीत. माझं नाव वेळेवर निघत नाही गं. तुमच्या पैशांना कशाला माझा पायगुण?"

ती पोस्टातही जायची बंद झाली. अकरा वर्षांचे पैसे होते तसे तिथेच, त्यात भर नाही आणि काढणंही नाही. पगाराच्या दिवशी आमच्याबरोबर चहाला यायला लागली, पूर्ण कप घ्यायला लागली. बाया खूश. "गल्ला फुटला एकदाचा!" म्हणायच्या. तीही हसायची. एकदा तर भजी मागवली सगळ्यांना. माझ्या घशाखाली एक उतरलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला न खाताच खवखवत होतं.

मी काय काय केलं नाही! तिच्या सासऱ्यांना औषधं नेली, माझ्या मोठ्याला रविवारी त्यांच्याजवळ बसायला पाठवलं. एकदा म्हटलं, "ताई, आमची मशीन तू घेऊन जा, आम्हाला लहान पडते." ती म्हणाली, "वेडी का खुळी? दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, मशीन काय कोरडी फिरवू?" ती माझे इतके आभार मानायची की मला उभं राहवायचं नाही. सगळ्यांना सांगायची, मुकादमीण तोंडानं फटकळ, पण मन सोन्याचं. ती चिठ्ठी मी मशीनच्या हमीपत्राच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली होती. फेकवत नव्हती आणि बघवतही नव्हती. अशी तीन वर्षं काढली.

मग या वर्षी लॉन्ड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत कंपनीनं कामगारांसाठी सहा खोल्या बांधल्या. सगळ्या तळमजल्यावर, नळ आत. अनामत भरायची आणि नोकरी असेपर्यंत राहायचं, पुढे कमी भाड्यानं. अनामत किती? गल्लाताईच्या पोस्टातल्या पैशांत आरामात बसेल एवढी. अर्ज जास्त आले तर सोडत, सगळ्यांसमोर. शेवटची तारीख मंगळवार, दुपारी चार.

सोमवारपर्यंत तिनं फॉर्म घेतला नाही. मी आणला, नाव-गाव भरून दिला, नुसती सही बाकी ठेवली. तिनं घडी करून ॲप्रनमध्ये घातला आणि मंगळवारी दुपारी मला परत दिला.

"कोणाच्या तरी कामी येईल. माझं नाही निघायचं."

"अगं, टाकून तर बघ!"

"टाकून बघितलं की एकदा. आयुष्यात एकदाच टाकलं होतं नशिबावर." टोकं धरून ती माझ्याकडे चालत आली. "मामंजींना आशा लावायची आणि परत काढून घ्यायची, एवढं पाप नको मला. मागच्या वेळी पंधरा दिवस बोलले नव्हते ते. माझ्यावर नाही गं, भिंतीवर रुसले होते."

घड्याळात पावणेतीन झाले होते. माझी टोकं तिच्या हातात होती, मी वाकायचं होतं. वाकलेच नाही.

"ताई, तुझीच निघाली होती."

"काय?"

रोलरचा आवाज फार असतो. मला पुन्हा बोलावं लागलं, ओरडून बोलावं लागलं, आणि माझा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे. "भिशी! त्या वेळची! चिठ्ठी तुझी निघाली होती. मी माझं नाव वाचलं. मला मशीन घ्यायची होती. तू नव्हतीस, मी खोटं वाचलं!"

चादर तिच्या हातातून सुटली आणि जमिनीला टेकली. टेकलेली चादर परत धुवायला जाते, असा नियम आहे आमच्याकडे. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही टेकली नव्हती. आजूबाजूच्या बाया थांबल्या. मी खिशातून चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. सकाळी येताना पाकिटातून काढून आणली होती, का ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिनं ती घेतली, डोळ्यांजवळ नेली. वाचायला वेळ लावला.

"काढली कोणी होती?"

"इस्त्रीवालीनं."

"पहिल्याच हाताला?"

"पहिल्याच हाताला, ताई."

मी गाल पुढे करून उभी होते. खरंच सांगते, तिनं मारावं म्हणून वाट बघत होते. सगळ्यांसमोर मारावं, केस धरून आपटावं. आणि ती बाई हसायला लागली. दात कोरण्याच्या विनोदावर हसायची तशी, पोटातून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती.

"म्हणजे निघाली होती!" ती इस्त्रीवालीला म्हणाली. "ऐकलंस का गं? माझी निघाली होती! तुझ्याच हातानं!" मग शेजारच्या टेबलाकडे वळून, "पहिल्याच हाताला!" चिठ्ठी उंच धरून ती सगळ्यांना दाखवत होती. "तीन वर्षं मी मामंजींना सांगतेय, माझ्या पायगुणानं गेली खोली. अगं, माझा पायगुण काही वाईट नव्हता!"

यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या माऊलीची खोली गेली, म्हाताऱ्याची भिंत गेली, आणि आनंद कशाचा तर चिठ्ठी निघाली होती याचा. तेवढंही मी तिला तीन वर्षं दिलं नव्हतं.

"ताई, शिव्या तरी दे."

"देईन गं, सावकाश देईन. भरपूर देईन." तिनं डोळे पुसले. "आधी फॉर्म दे. चार वाजतील."

घडी घालायच्या टेबलावरच तिनं सही केली. एकेक अक्षर कोरत, जीभ दातांत धरून. चिठ्ठी चौकोनी दुमडून पोस्टाच्या पुस्तकात घातली. "मामंजींच्या हातात देते आज," म्हणाली. "दिसायचं नाही, पण चाचपतील." मग फॉर्म घेऊन ऑफिसात गेली आणि पाच मिनिटांत परत आली. बाया माझ्याकडे न बघता कामाला लागल्या होत्या. त्यानंतर त्यांनी भिशीचा डबा माझ्याकडून काढून घेतला, ते बरोबरच केलं.

ती तिच्या जागेवर उभी राहिली. जमिनीवरची चादर उचलून धुवायच्या गाड्यात टाकली.

"सोडत कोण काढणार गं?"

"मॅनेजर काढेल."

"आणि वाचणार कोण?"

मी गाडा भिंतीकडे ढकलला.

"तू नको हां," ती म्हणाली. रागानं नाही. साखर कमी घाल म्हणायची, तसंच.

रोलरमधून पुढची चादर आली होती. तिनं तिची दोन टोकं धरली आणि मी माझी धरेपर्यंत थांबली.